मामांच्या डोळ्यांचा फोटो

मामा चष्म्याचा नंबर काढायला आले तेव्हा मीच त्यांच्या डोळ्यांत थेंब टाकले. जालन्यातल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात माझं तेच काम आहे. थेंबांनी बाहुली मोठी झाली की पेशंटला यंत्रासमोर बसवायचं आणि डोळ्याच्या आतल्या पडद्याचा फोटो काढायचा.

दहावीपर्यंत मी हसनाबादला मामांच्याच घरी वाढले. त्यांची मोसंबीची बाग होती, आणि कलमं बांधायला त्यांना गावोगावहून बोलावणं यायचं. त्यांना मूलबाळ नव्हतं. मी नववीत गणितात नापास झाले तेव्हा मामा एवढंच म्हणाले, "पेपर अवघड आल्ता आसंल." मामीनं त्या दिवशी मुद्दाम पुरणपोळी केली होती.

त्या सकाळी दवाखान्यात सगळी उत्तरं मामीच देत होती. वय तिनंच सांगितलं, जुना चष्मा कधी केला तेही तिनंच. "हल्ली ह्यांना ऐकायला कमी येतंय," ती मला म्हणाली. वर्षभर फोनवरही ती हेच सांगत होती. म्हणून मी मामांशी मोठ्यानं बोलत होते आणि ते माझ्याकडं बघून नुसते हसत होते.

फोटो स्वच्छ आला. शुगरवाल्यांच्या पडद्यावर ठिपके दिसतात, तसं काही नव्हतं. रक्तवाहिन्या मात्र फार बारीक होत्या, त्यांचे फाटेही कमी होते. वयामुळं असेल, असं मनाशी म्हणत मी फोटो डॉक्टरबाईंपुढं ठेवला.

बाईंनी तो बराच वेळ पाहिला. मामांना शुगर किंवा बीपी आहे का, असं विचारलं. मामी म्हणाली, "दोन्ही बी न्हाई." मग बाई उठून मामांच्या मागं गेल्या आणि अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "काका, आज सकाळी काय खाल्लं?"

मामांनी लगेच मान वळवली. त्यांना नीट ऐकू आलं होतं. मग त्यांनी मामीकडं पाहिलं.

"पोहे," मामी म्हणाली.

"त्यांना सांगू द्या."

"करती तीच, तर तिलाच ठाव," मामा हसत म्हणाले.

मी त्यांना काळा चष्मा घालून बाहेरच्या बाकावर बसवलं आणि आत आले. बाई मामीला समजावत होत्या, "या फोटोवरून मी कुठलाही आजार ठरवत नाही. वयानंही या शिरा बारीक होतात. पण डोळ्याचा पडदा मेंदूशी फार जवळून जोडलेला असतो. विसरण्याच्या आजारात इथल्या रक्तवाहिन्या बदललेल्या दिसतात, असं संशोधनातून पुढं येतंय. अजून ते पक्कं नाही. म्हणून विचारते, त्यांचं विसरणं वाढलंय का?"

मामी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "कान बराबर हायेत त्यांचे. म्याच सांगत व्हते सगळ्यायला तसं."

हे सुरू होऊन दीड वर्ष झालं होतं, असं तिनं सांगितलं. मामा मोटारसायकलवर राजूरला गेले होते आणि परत निघताना त्यांना हसनाबादचा रस्ताच आठवेना. चौकात ते तासभर उभे राहिले. शेवटी ओळखीच्या एका दुकानदारानं त्यांना घरी आणून सोडलं. गाडी बंद पडली होती, असं मामीनं भावकीत सांगितलं. तेव्हापासून ती त्यांच्यासोबत सगळीकडं जायची आणि समोरून कोणी आलं की हळूच त्याचं नाव सांगायची.

"मला का नाही सांगितलंस, मामी?"

"तुला सांगितलं आस्तं तर खरं झालं आस्तं," ती म्हणाली आणि तिथंच रडली. एवढ्या वर्षांत मी तिला पहिल्यांदा रडताना पाहिलं. रोज मी माणसांच्या डोळ्यांत बघते, आणि घरच्या माणसाचं हे मला दिसलं नव्हतं. त्याचं वाईट वाटलं, अजूनही वाटतं.

पुढच्या आठवड्यात आम्ही त्यांना संभाजीनगरला मेंदूच्या डॉक्टरांकडं नेलं. तिथं प्रश्न झाले, रक्त तपासलं, डोक्याचा एमआरआय झाला. विसरण्याचा आजार सुरू झाला होता. तो बरा होत नाही, पण गोळ्यांनी आणि रोजच्या ठरलेल्या कामानं माणसाला आधार मिळतो, असं डॉक्टर म्हणाले. मोटारसायकल विकली. गावात सांगून टाकलं. आता वाटेत भेटणारे स्वतःच आपलं नाव सांगतात, आणि मामीचा जीव हलका झाला आहे.

वर्षानंतर मामांना पुन्हा फोटोसाठी बोलावलं होतं. काम झाल्यावर ते खुर्चीवरून उठले आणि मामीचा दंड धरून म्हणाले, "बस इथं. पोरीला तुझे बी डोळे बघू दे."

"मला काय झालंय?"

"बस म्हणलं ना."

मामीच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत आला होता. त्या डोळ्यानं तिला धड दिसत नव्हतं. मामांच्या मागं फिरताना तिनं ते कोणाला सांगितलंच नव्हतं.

ऑपरेशनच्या दिवशी मामा तिच्या कॉटजवळून हलले नाहीत. दर थोड्या वेळानं ते पट्टीकडं बघून विचारायचे, "काय झालं ग डोळ्याला?"

"मोतीबिंदू काढला."

"दुखतंय का?"

"न्हाई."

मग ते तिच्या अंगावरची चादर नीट करायचे आणि थोड्या वेळानं पुन्हा विचारायचे. मी म्हणाले, "मामी, मी बसते त्यांच्याजवळ, तू जरा डोळा लाव."

"राहू दे," ती म्हणाली. "इतक्या वर्सांत माझी इतकी विचारपूस कधी केली व्हती त्यायनी? करू दे."