सोमवारचा गुडघा

माउंट वेलिंग्टनच्या आमच्या क्लिनिकमधला फिजिओ मूळचा सांगलीचा. इथे सगळे रग्बीवेडे, पण याचा जीव अमेरिकन फुटबॉलमधल्या एका डिफेंडरमध्ये अडकलेला. तिकडची रविवारची मॅच इथे सोमवारी दिसते, म्हणून सोमवारी लंचला हा फोन हातात धरून किचनमध्ये येरझाऱ्या घालायचा. चहा गार होऊन जायचा. बॉल घेऊन पळणाऱ्याला धडक मारून आडवं करण्यात त्या डिफेंडरचा हात धरणारा कुणी नव्हता. आम्ही ओरडायचो, हा मात्र श्वास रोखून उभा.

"अगं, बॉल काय बघतेस? त्याचा डावा गुडघा बघ."

तो खेळाडू उठून उभा राहिला की मगच याच्या येरझाऱ्या पुन्हा सुरू. मला ते बघवायचं नाही. हा खेळ बघतोय की अपघाताची वाट, तेच कळायचं नाही.

मग तो खेळाडू ऐन भरात असताना रिटायर झाला. बातमी आली त्या दिवशी आम्ही याच्याशी जरा जपूनच बोललो. दुसऱ्या दिवशी हा डबा भरून मिल्क पावडरचे पेढे घेऊन आला.

"पेढे कसले रे?" मी विचारलं.

"स्वतःच्या पायांनी चालत बाहेर पडला गं," तो म्हणाला, आणि खुर्ची ओढून, बसून, गरम चहा प्यायला.