सोळा: ऑक्सिजन की गंधक?

कुणी छापील आकडा हातात ठेवला, तर तो कशावरून काढला हे तुम्ही विचारता का?

जर्मनीला निघाले तेव्हा बडनेरा स्टेशनवर आबा म्हणाले, "पोरी, तिथले लोक लय शिकलेले असतीन. पण 'कायच्यावरून?' हे त्याइले बी इचारजो."

"पहिल्याच दिवशी नोको इचारू," आई म्हणाली. "पंधरा दिवस त थांब!"

आबा चळवळीची पत्रकं लिहायचे. छापायला जाण्याआधी अमरावतीच्या राजापेठेतल्या आमच्या घरात ती मोठ्यानं वाचली जायची. कुणीही 'कायच्यावरून?' म्हणायचं, उत्तर नसेल तर ते वाक्य खोडलं जायचं. दहा वर्षांची असताना मी लिहिलं होतं, 'जिल्ह्यातल्या सगळ्या मुली शाळेत जातात.' आबांनी विचारलं, "तिकडं मेळघाटात, धारणीले गेलती का तू?" खोडलं.

इथे मी गुरू ग्रहाभोवतीच्या प्लाझ्मावर काम करते. विद्युतभार असलेले हे कण त्याच्या चुंबकीय क्षेत्रात अडकून फिरतात. त्यातले पुष्कळसे आयो या चंद्राच्या ज्वालामुखींतून निघालेले, गंधक आणि ऑक्सिजन. आमचं उपकरण वस्तुमान भागिले भार एवढंच सांगतं. ऑक्सिजनचं वस्तुमान सोळा, भार एक. गंधकाचं बत्तीस, पण भार दोन असला की उत्तर पुन्हा सोळाच. आलेखावर दोघांचा मिळून एकच उंचवटा. आमच्या गटप्रमुखांनी शोधनिबंधात तो सगळा ऑक्सिजनच्या खात्यात टाकला.

मी विचारलं, कशावरून?

"सगळे असंच धरतात."

हे 'सगळे' माझ्या ओळखीचे आहेत. अकोल्यात शिकायला गेले, तेव्हा आडनाव ऐकून खोली नाकारणारा घरमालकही त्यांचाच हवाला देत होता. मी म्हटलं, दोन्ही एकत्र आहेत असं लिहा, नाहीतर माझं नाव काढा. त्यांनी नाव काढलं. त्या शोधनिबंधावरच माझी पुढच्या वर्षाची नेमणूक ठरणार होती.

फोनवर सांगितलं. आबा म्हणाले, "अन् तुह्यं बरोबर हाय, हे कायच्यावरून?"

मला राग आला, मग हसू आलं. माझं वाक्य खोडून वर जेवायला वाढतात, ते माझं घर. इथे मला तसं घर अजून मिळालेलं नाही.

अमरावती-अकोल्यात भौतिकशास्त्र शिकणाऱ्यांनो, आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांनो, त्या मोजणीचे मूळ आकडे सर्वांसाठी खुले आहेत. मी म्हणते म्हणून मानू नका. ते उतरवून घ्या, आलेख स्वतः काढा. ऑक्सिजन आणि गंधक वेगळे करता आले, तर कसे ते मला कळवा. नाही आले, तर तसं लिहा आणि खाली आपलं नाव घाला.