सोंग ठरेपर्यंत

एकाहत्तर-बाहत्तरच्या सुमारास मी अकोले तालुक्यातल्या एका गावात नर्स होते. दवाखान्यासमोर एकाचं सायकलचं दुकान होतं. बोहाडा जवळ आला, की त्याचा हात कामावर ठरत नसे. बोहाड्यात गावचे पुरुष लाकडी मुखवटे चढवून देवादिकांची, राक्षसांची सोंगं नाचवत. कोणी कुठलं सोंग घ्यायचं, ते आधी देवळात ठरे. याचं ठरतच नसे. पंक्चर अर्धवट टाकून तो देवळात पळे, एकेक मुखवटा तोंडाला लावून बघे आणि येताना मला विचारी, "बाई, राजा शोभंल का मला?" उत्तराला थांबत नसे.

एकदा ठरलं, की तो त्या सोंगातच राहायला जाई. राजा झाला तेव्हा गिऱ्हाइकांनाच हवा भरायला लावली. राणी झाला तेव्हा विहिरीवरून घागरी आणू लागला. गाव हसलं, मीही हसले. राक्षस झाला त्या वर्षी त्याच्या बायकोचा हात मी झोळीत बांधला. "पडले," म्हणाली.

पुढच्या वर्षी देवळात मुखवटे मांडले, त्या दुपारी ती दवाखान्यात आली.

"बाई, यंदा राणीच घे म्हना त्याला. तवा लई चांगले दिस गेले हुते."

मी तशीच उठले. ती मागोमाग आली. तो देवळाच्या पायरीवर उभा होता. मुखवटा चढवलेला, सुळे बाहेर आलेले.

"कसा दिसतो, बाई?"

मी मागे वळून पाहिलं. ती घराची वाट सोडून परत दवाखान्याकडे निघाली होती.