अळीचाचांनी पुरवलेले डोहाळे

अळीचाचांना माणसांची नावं कधीच लक्षात राहिली नाहीत. पण त्या माणसानं आणलेली अळी ते दहा वर्षांनीही विसरत नसत. इंदापूरच्या बाजारपेठेत त्यांचं बियाण्यांचं आणि पिकांच्या औषधांचं दुकान, शेजारी माझा फोटो स्टुडिओ. शेतकरी डबीतून अळी आणायचा, चाचा ती तळहातावर घ्यायचे आणि त्याच क्षणी त्या शेतकऱ्याचं नवं बारसं व्हायचं. "या घाटेअळी, बसा. पोरीचं जमलं म्हणं?" हे हरभरावाल्याला. मक्यावरची लष्करी अळी आणलेल्या एका माजी सरपंचांना त्यांनी भर चौकात "ओ लष्करी!" अशी हाक मारली, आणि सरपंच निमूटपणे "व्हय चाचा" म्हणाले. मी एकदा शेवग्यावरचा सुरवंट उघड्या हातानं उचलला आणि कोपरापर्यंत खाजवत त्यांच्याकडे गेलो. तेव्हापासून मी सुरवंटराव. हे नाव माझ्या बायकोलाही आवडलं, याचं दुःख जास्त.

ओळख पटवण्याचा त्यांचा थाट मोठ्या डॉक्टरचा. चष्मा कपाळावर, भिंग डोळ्याला. "डोक्यावर उलटा वाय, शेपटाकडं चौकोनात चार ठिपकं. मक्यावरची लष्करी. विषय संपला." निदान तोंडातून निघायच्या आत उजवा हात मागच्या फळीवरची बाटली काढून गल्ल्यावर ठेवायचा. समोरच्याला बोलावंच लागायचं नाही. अळी आणणाऱ्याला ती मारायचीच असते, याबद्दल अख्ख्या तालुक्यात कुणाला कधी शंका आली नव्हती.

मग एका दुपारी रुनू आली. आसामची पोरगी, नवरा पळसदेवला मासळी भरायच्या कामावर. सातवा महिना असावा. तिनं न बोलता स्टीलचा डबा पुढे केला. आत एरंडाची पानं आणि वीसेक करड्या अळ्या. चाचांनी एक उचलली. "कमान करून चालती बघा. एरंडावरची उंटअळी." आणि बाटली गल्ल्यावर. "धा मिली. पंधरा लिटरच्या पंपाला."

रुनूनं बाटलीकडे बघितलं, अळ्यांकडे बघितलं. मग पाची बोटं एकत्र करून तोंडाकडे नेली.

बाटली इतक्या झपाट्यानं परत फळीवर गेली की शेजारच्या दोन खाली पडल्या.

तिच्या मोडक्या हिंदीतून उलगडा झाला. तिकडे एरंडावर रेशमाच्या अळ्या पाळतात, कोष सोलून आतला किडा परतून खातात. तिला त्याचेच डोहाळे लागले होते. इथंही कालव्याकडेला एरंड, एरंडावर अळ्या. तिनं डबा भरला. तिचं म्हणणं, झाड तेच म्हणजे अळीही तीच.

"न्हाय, पोरी." चाचांनी तिच्याच मोबाइलमधला माहेरच्या अळ्यांचा फोटो भिंगाखाली धरला. "तुझी पांढरी, अंगावर पीठ लावल्यागत, मांसाळ काटं. ही करडी, गुळगुळीत. तुझी न्हाय ही. आन् शेजारच्या उसावर फवारा कवा पडला, सांगता येतंय?" त्यांनी डबा आपल्याकडे ओढला. रुनूचे डोळे भरले.

चाचांनी शटर ओढलं. ऐन हंगामात, भर दुपारी. दुकानामागच्या घरातून त्यांची बायको, चाची, ओरडल्या, "अवं, किडं खायला कुठं नेताय तिला?"

"हरभऱ्याच्या घाट्यातनं साऱ्या तालुक्यानं अळी खाल्लीय. नाव ठाऊक न्हाय, येवढंच. तिनं कैरी मागितली असती तर आणली असती का न्हाय?" आणि मला, "चला सुरवंटराव, गाडी काढा."

शेळगावात तात्या तुतीवर रेशमाच्या अळ्या पाळत. मागणी ऐकून ते पोट धरून हसले. "चाचा, अळ्या मारून कटाळला, आता हाटेल काढताय व्हय?"

"तुतीला फवारा मारला का ते सांगा."

"फवारा मारला तर माझंच किडं मरत्याल की!"

चाचांचा चेहरा उजळला. त्यांनी कोष एकेक करून कापायला लावले. आतले काळे पडलेले किडे बाजूला, तपकिरी, टणक तेवढे पसंत. रुनूनं वास घेतला आणि पहिल्यांदा हसली. एरंडावरचा नव्हे, पण तुतीवरचाही तिकडे खातात म्हणे.

पळसदेवच्या तिच्या खोलीत कांदा-मिरचीवर ते किडे परतले गेले. चाचा उंबऱ्यावर बसून राहिले. "मला चालत न्हाय. तुमी खा, साक्षीदार लागतोय." मी डोळे मिटून खाल्लं. भाजक्या शेंगदाण्याचा लांबचा पाहुणा. रुनूनं ताटली पुसून खाल्ली. पुढचे तीन दिवस चाचा तिला सकाळ-संध्याकाळ फोन करून पोटाची चौकशी करत होते. चौथ्या दिवशी ती वैतागून म्हणाली, "चाचा, पेट नहीं, भूख है. और लाओ."

सगळे हसले, चाचा नाही. त्या संध्याकाळी ते मला हळूच म्हणाले, "पोरगी मुकाट बाटली घिऊन गेली असती तर? पानासकट अळ्या त्याच औषधात धुऊन खाल्ल्या असत्या तर?"

गेल्या वर्षी चाचा गेले. शेवटपर्यंत डबी उघडली की ते अळीआधी माणसाकडे बघत आणि विचारत, "मारायची, का खायची?" लोक खो खो हसत. हसून झालं की चाचा तोच प्रश्न पुन्हा विचारत, आणि उत्तर कानावर पडेपर्यंत त्यांचा हात फळीकडे जात नसे.