बाबांच्या नावाने उघडलेला वर्ग

बाबांचा मोडी लिपीचा वर्ग दर रविवारी सकाळी मुलुंडच्या आमच्या घरातून भरायचा. विद्यार्थी सहा, सगळे आपापल्या घरी, पडद्यावर. पिठाचा डबा उपडा घालून बाबा त्यावर फोन असा ठेवत, की कॅमेरा कडेबाहेर येऊन खालच्या कागदाकडे बघेल. त्यामुळे वर्गाला त्यांचा चेहरा क्वचितच दिसे. दिसे तो हात. मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढायची, मग तिच्याखाली अक्षरं लिहीत जायचं, होता होईतो हात न उचलता.

बाबा गेल्यावर तीन आठवड्यांनी मी वर्ग बंद झाल्याचं सांगायला बसले. नुसता निरोप पाठवता आला असता, पण तोंडी सांगावं असं वाटलं. वर्ग त्यांच्याच खात्यातून उघडायचा होता. त्यात काय होईल हे माझ्या ध्यानातच आलं नाही. सहाही जणांच्या पडद्यावर बाबांचं नाव उमटलं.

मग वर्गातल्या सगळ्यात वयस्क, बोरिवलीच्या आजी म्हणाल्या, "अगो, तू होय! माझे हात जोडलेच गेले बघ."

मी माफी मागितली आणि वर्ग थांबवत असल्याचं सांगितलं.

"आणि माझं पत्र?"

गिरणीत कामाला असलेल्या त्यांच्या आजोबांना गावाहून मोडीत लिहिलेलं एक पत्र आलं होतं. ते वाचणारं घरात आता कुणी उरलं नव्हतं. दुसऱ्याकडून वाचून घ्यायचं नाही, आपण वाचायचं, एवढ्यासाठी आजी शिकत होत्या. त्यांचे डोळे मात्र दिवसेंदिवस मंदावत चालले होते.

"मला मोडी येत नाही, आजी."

"ताई, रेकॉर्डिंग आहेत ना," घाटकोपरची कॉलेजातली मुलगी मधेच म्हणाली. "सर सगळे क्लास रेकॉर्ड करायचे. बघा तरी."

त्या आठवड्यात मी ती लावून बसले. वेग निम्मा केला की बाबांचा आवाज घोगरा, अनोळखी होई. म्हणून आवाज बंद केला आणि फक्त हात पाहिला. तो एखाद्या अक्षराआधी थांबे. का थांबतो ते कळेना, म्हणून मागे जाऊन पुन्हा पाहिलं. तिसऱ्या खेपेला कागदाच्या डाव्या कडेला एका पुस्तकाचा कोपरा दिसला, पेन्सिलीच्या खुणा केलेला. बाबा शिकवता शिकवता त्यात डोकावत होते!

ते मोडी शिकण्याचं पुस्तक कपाटात सापडलं. वर्ग जिथवर आला होता, त्याच्या पुढच्या एका धड्यापर्यंत खुणा होत्या. त्यापुढच्या पानांना पेन्सिल लागलेली नव्हती. आयुष्यभर कचेरीत नोकरी केलेला माणूस मोडी कधी शिकला, हे मी त्यांना कधी विचारलंच नव्हतं.

बाबा स्वतःच एक धडा पुढे राहून शिकत होते, हे रविवारी मी जरा ओशाळूनच वर्गाला सांगितलं. आजी हसल्या. "आमका काय ठाऊक नव्हता? एकदा सर अडले, तेव्हा ह्या पोरीनेच अक्षर सांगितलं. तर म्हणतात कसे, 'बरोबर, मी तुम्हाला तपासत होतो!'"

मग मी वर्ग बंद केला नाही. आठवडाभर एक धडा स्वतः गिरवायचा, रविवारी तो डब्यावरच्या फोनखाली सगळ्यांसमोर लिहायचा. पहिल्या दिवशी माझी रेघच वळणं घेत गेली.

"रेघ घाटात शिरली, ताई," मुलगी म्हणाली.

काही महिन्यांनी आजींनी पत्राचा फोटो पडद्यावर आणला. मुलीने तो आपल्याकडून मोठा करून सगळ्यांना दाखवला. आजी नाक फोनला लावून एकेक अक्षर सोडवत होत्या. एका जोडाक्षराशी त्या अडल्या. मी सांगणार होते, पण थांबले. मायन्याखालची पहिली ओळ त्यांनी पुरी केली: "गाय व्याली. पाडी झाली."

"इतकी वर्षं ट्रंकेत जपलं, ते गायीसाठी?" आजी म्हणाल्या, आणि सगळे हसत सुटले. मला हसू आवरेना.

"हसतेस काय गो? माझे डोळे दमले, पुढची ओळ तू वाच."