वेटोळ्यांची झडती

ऐंशीच्या दशकात मी परराज्यातल्या प्रयोगशाळेत होतो. सुट्टीला निपाणीला आलो, तेव्हा बेळगावच्या एका कॉलेजात व्याख्यान ठरलं. थोरली आक्काही सोबत निघाली. सीमाभागात आंदोलन पेटलं होतं. पोलिसांनी बस थांबवली आणि माझ्या पिशवीतून प्रयोगासाठी घेतलेली तांब्याच्या तारेची वेटोळी, होकायंत्र अन् सेल बाहेर काढले.

"बॉम्ब काय?" हवालदारानं विचारलं.

मी कन्नडमध्ये समजावू लागलो. सूर्याहून तापलेला वायू आम्ही चुंबकाच्या जोरावर अधांतरी धरतो. त्याची कड उसळून भिंतीला लागली की तो विझतो. ती कड शांत ठेवायला अशी जादा वेटोळी लागतात. हे ऐकून त्याचा संशय वाढलाच. मी वेटोळं सेलला जोडून होकायंत्राजवळ नेलं. सुई गर्रकन फिरली, तसा तो मागं सरला.

आक्का म्हणाली, "सायेब, ह्येच्यानं काय उडणार असतं तर मी शेजारी बसले असते व्हय?"

त्यानं वेटोळी परत दिली, सेल मात्र ठेवून घेतले.

कॉलेजात शिपायाच्या बॅटरीतले सेल मागून मी प्रयोग दाखवला. पहिलाच प्रश्न आला, "सर, खरं सांगा, हे लष्करासाठीच ना?"

"नाही, विजेसाठी. त्या तापलेल्या वायूच्या उष्णतेवर वीज करायची," मी म्हणालो. कुणालाही ते पटलेलं दिसलं नाही.