पट्टी नसलेली बाटली

स्वराज्य यायच्या चार-पाच वर्षं आधीची गोष्ट. शहापूरला आमच्या घरी दोन माग होते, पण त्या दिवशी दोन्ही बंद. माझी आठ महिन्यांची लेक तापानं फणफणली होती. निरोप धाडला तशी मिशनच्या दवाखान्यातली मडम टांग्यानं आली. ती नवीच, विलायतेहून येऊन महिनाही झाला नव्हता. तिचं बोलणं मराठीत सांगणारी नर्स नेमकी स्वतःच आजारी.

मी शाळेत गेलेली नाही. थोरल्या भावाच्या जुन्या पुस्तकांवरून लिहा-वाचायला शिकले, वर चार शब्द इंग्रजीचे. त्यावरून आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, येता-जाता टोचायच्या.

मडमेनं पोरीला तपासलं आणि बॅगेतून एक बाटली काढून दिली. दवाखान्यातल्या बाटलीला खाचा पाडलेली कागदाची पट्टी चिकटवलेली असायची, एक खाच म्हणजे एक डोस. ह्या बाटलीला पट्टीच नव्हती. मडम भराभर काही बोलली, मला अक्षरही कळलं नाही.

"इचार की गं, किती द्यायचं ते," आत्याबाई म्हणाल्या. "रोज चुलीम्होरं पुस्तक घिऊन बसतीस न्हवं?"

आपल्याकडं 'किती' म्हटलं की झालं. पुस्तकात मात्र दोन शब्द होते. मोजता येतं त्याला मेनी, येत नाही त्याला मच. औषध पातळ, म्हणजे मच. पण द्यायचं चमच्यानं, आणि चमचे तर मोजता येतात. चुकीचं विचारलं आणि तिनं भलतंच सांगितलं तर? एवढासा जीव, जास्त गेलं तर काय करायचं? मी मनात शब्द जुळवत राहिले. मला कळलं असं समजून मडमेनं मान हलवली आणि ती बाहेर पडली.

"गेली. आता त्या पुस्तकालाच इचार."

टांगा वळला तसं मला भान आलं. चमचा घेतला, बाटली छातीशी धरली आणि डोक्यावरचा पदर घसरला तशीच गल्लीतून धावले. टांग्याचा दांडा धरून म्हटलं, "हाऊ मच? हाऊ मेनी?"

मडमेनं चमचा घेऊन निम्मा भरला. मग तीन बोटं दाखवली आणि हात उगवतीकडून मावळतीकडं फिरवला.

तो चमचा मी न सांडता घरी आणला. तोच पहिला डोस. आत्याबाईंनी मागाच्या कांडीवरचं सूत तोडून त्या दिवसाच्या उरलेल्या डोसांच्या दोन गाठी मारल्या, पाळण्याला बांधलं. डोस दिला की एक गाठ कातरायची, रोज सकाळी तीन गाठींचं नवं सूत.

"गल्लीत दोन-दोनदा काय इचारत हुतीस गं?"

"एकदा इचारून भागलं नसतं, आत्याबाई."

त्या पोरीचे तळवे चोळत बसल्या. दिवेलागणीला शेवटची गाठ कातरली तेव्हाही अंग तापलेलंच होतं. दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्याही.

चौथ्या दिवशी दुपारी मी कात्री घेऊन गेले, तर पोरीचं अंग निवलेलं, आणि ती ते सूत तोंडात घालून चघळत पडली होती.